पत्री पायाला बघून घ्या, पाय पत्रीला बघून कापू नका

दसरा झाला, की ऊसतोडीच्या टोळ्यांची आवराआवर सुरू होते. गाडीचे टायर तपासले जातात, आसाला वंगण दिले जाते, जू दुरुस्त करून घेतले जाते, नवे कासरे येतात. बैलांची शिंगे साळून रंगवलीही जातात. एवढी तयारी होते. पण ज्या पायांवर पुढचे चार-पाच महिने काढायचे, ते बैलाचे पाय उचलून बघायचे मात्र पुष्कळांकडून राहून जाते. पत्री मारली की झाले, अशी आपली समजूत असते. कोणती पत्री, कुठल्या मापाची, कशी मारली, इकडे लक्ष जात नाही. मग ऐन हंगामात, फड तुटून पडलेला असताना बैल लंगडायला लागतो.

शेतकरी बंधूंनो, हंगामात बैल लंगडला म्हणजे काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. गाडी उभी राहते. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजनात घट येते. मुकादमाकडून घेतलेली उचल कामातून फेडायची असते, तिचा आकडा तसाच राहतो. दुसरा बैल घ्यावा तर हंगामात भाव चढलेला, आणि लंगडा विकावा तर त्याला कोणी विचारत नाही. हे सारे टाळायला फार पैसा लागत नाही. थोडी माहिती लागते आणि रोजची नजर लागते. म्हणून हंगामाच्या तोंडावर पत्रीविषयी जरा सविस्तर सांगायचे आहे.

दोन हजार किलोमीटरचा प्रवास

आधी एक साधा हिशेब करा. फडापासून कारखाना १० किलोमीटरवर आहे असे समजा. जाऊन-येऊन २० किलोमीटर झाले. हंगामात १०० दिवस गाडी चालली, तर बैल २००० किलोमीटर चालला. त्यातली निम्मी वाट तो भरल्या गाडीसकट चालला आणि बरीचशी डांबरी रस्त्यावरून चालला.

आता खुराचा हिशेब बघा. गुरांचे खूर महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढतात. शेतात, काळ्या मातीत काम असेल तर झीज आणि वाढ यांचा मेळ बसतो. म्हणून नुसत्या नांगरटी-कुळवणीच्या बैलाला पत्रीची गरज सहसा पडत नाही. डांबर आणि खडी यांच्यावर मात्र खूर कानशीने घासावा तसा घासला जातो. झीज वाढीच्या पुढे जाते आणि तळवा पातळ होत जातो. त्यातच पहाटेचे दव आणि गाडीतळावरचा चिखल यांनी खूर भिजलेला असेल, तर तो मऊ पडून आणखी लवकर झिजतो. तळवा पातळ झाला की खडीचा प्रत्येक दाणा आत लागतो. बैल पाय आखडून टाकायला लागतो, ती ही वेळ.

जातीचाही थोडा फरक असतो. डोंगर आणि पाऊस यांत वाढलेल्या डांगीचे काळे खूर दगडासारखे टणक, म्हणून ती जात नावाजलेली आहे. चपळ खिल्लार रस्त्यावर देखणी चालते, तिला गाडीत मागणी असते. पण जात कोणतीही असो, डांबरावर भरली गाडी रोज ओढायची म्हटल्यावर पायाला आधार द्यावाच लागतो.

आधी खूर ओळखा

पत्री निवडायची तर खूर कसा असतो ते ठाऊक हवे. बैलाचा खूर दुभंगलेला. त्याच्या दोन नख्या. चार पायांच्या मिळून आठ नख्या झाल्या, म्हणून एका बैलाला आठ पत्र्या लागतात. बैल चालताना दोन्ही नख्या जमिनीवर टेकून थोड्या फाकतात आणि पाय उचलला की पुन्हा जवळ येतात. पायाला बसणारा धक्का त्यामुळे कमी होतो. म्हणूनच दोन्ही नख्यांना मिळून एकच पत्री चालत नाही, प्रत्येकीला वेगळी द्यावी लागते.

नखीच्या बाहेरच्या बाजूला कठीण कवच असते. खालच्या बाजूने बघितले तर या कवचाच्या आतून एक फिकट पांढरी रेघ गेलेली दिसते. ही रेघ नीट ओळखायला शिका. रेघेच्या बाहेरचे कवच मेलेल्या नखासारखे आहे, तिथे खिळा गेला तर दुखत नाही. रेघेच्या आत जिवंत भाग आहे, तिथे रक्त आहे, वेदना आहे. पत्रीचे सगळे शहाणपण या एका रेघेत आहे म्हटले तरी चालेल.

आणखी दोन गोष्टी. पुढच्या पायाच्या नख्या रुंद आणि गोलसर असतात, मागच्या त्यामानाने अरुंद आणि लांबट. तेव्हा चारही पायांना एकाच मापाची पत्री बसेल हे शक्य नाही. दुसरे असे, की पुढच्या पायात आतल्या नखीवर जास्त भार येतो आणि मागच्या पायात बाहेरच्या नखीवर. झीज तपासताना या नख्या आधी बघा.

पत्री कशी निवडावी

बाजारात पत्री मापाने मिळते, पण पुष्कळदा घेणारा माप न घेताच जातो आणि जी हातात येईल ती घेतो. मग ती मोठी झाली तर खूर बाहेर लोंबते आणि लहान झाली तर खूरच तासून पत्रीएवढा केला जातो. ही दुसरी चूक फार वाईट. पाय पत्रीला बघून कापायचा नसतो. पत्री पायाला बघून घ्यायची असते.

माप घेण्याची सोपी रीत आहे. आधी खूर साफ करून, वाढलेला भाग तासून घ्या. माप त्यानंतरच घ्यावे, कारण वाढलेल्या खुराचे माप खोटे असते. एक जाड पुठ्ठा नखीखाली धरा आणि पेन्सिलीने कडेने रेघ ओढा. पुढचा पाय आणि मागचा पाय, आतली नखी आणि बाहेरची नखी, असे वेगवेगळे पुठ्ठे कापून त्यांवर खूण करून ठेवा. बाजारात जाताना पुठ्ठे बरोबर न्या. बैलाला ताटकळत ठेवायला नको आणि अंदाजाने घ्यायलाही नको.

पत्री कवचाच्या कडेबरोबर बसली पाहिजे. पुढे टोकाला बाहेर आली तर बैल अडखळतो. आतल्या अंगाला, दोन नख्यांच्या मधे आली तर दुसऱ्या नखीला घासते. मागे टाचेकडे फार लांब राहिली तर मागच्या पायाचा खूर तिच्यावर पडून ती उपटून निघते, आणि निघताना कवचाचा तुकडा घेऊन जाते.

जाडीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. जितकी जाड तितकी टिकाऊ, असे समजून जाड पत्री मारली जाते. पण जड पत्रीला जाड खिळे लागतात आणि जाड खिळ्याने कवच फुटते. शिवाय दिवसातून हजारो वेळा पाय उचलायचा, त्यात दर वेळी तेवढे ओझे वाढते. उलट हाताने वाकेल इतकी पातळ पत्री रस्त्यावर लगेच झिजून चिरते आणि तिची धार खुरात शिरते. मध्यम जाडीची, हाताने न वाकणारी, पण बोजड न वाटणारी पत्री घ्यावी.

पत्री सपाट आहे की नाही हे विकत घेताना तपासा. सपाट फरशीवर ठेवून बोटाने दोन्ही टोके दाबा. डुलली तर ती घेऊ नका. डुलणारी पत्री खुरावर ठोकली की एका जागी सगळा दाब येतो. भोके बाहेरच्या कडेच्या बाजूला असावीत, म्हणजे खिळे कवचातूनच जातील. आतल्या बाजूला, नख्यांच्या मधल्या पातळ भिंतीत खिळा कधीही मारू नये. खिळे नवे, सरळ आणि चपट्या पात्याचे हवेत. जुना काढलेला खिळा सरळ करून पुन्हा वापरणे म्हणजे चार आण्यांसाठी बैल धोक्यात घालणे.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. लोखंड झीज वाचवते, पण पकड कमी करते. झिजून आरशासारखी गुळगुळीत झालेली पत्री ओल्या डांबरावर किंवा सिमेंटच्या उतारावर घसरते. बैल फाकून पडला तर मांडीचा सांधा जातो. तेव्हा पत्री फुटेपर्यंत वापरायची हा हिशेब सोडा. गुळगुळीत झाली की तिचे आयुष्य संपले.

मारताना घ्यायची काळजी

आपल्याकडे बैलाला पाडून पत्री मारण्याची रीत आहे. पाडण्यात जेवढा धोका आहे, तेवढा बहुधा पत्रीतही नाही. पोट भरलेला बैल कधीही पाडू नये. आडवे पडल्यावर पोटातला वायू बाहेर पडत नाही, पोट फुगते आणि छातीवर दाब येतो. कोठीपोटातले पाणी तोंडात येऊन श्वासनलिकेत गेले तर जीवाशी गाठ पडते. म्हणून आदल्या रात्री वैरण हलकी ठेवून, सकाळी चारा-पाणी देण्याआधीच पत्रीचे काम उरकावे.

जागा मऊ असावी. वाळू, भुसा किंवा भुसभुशीत माती चालेल. पाय ओढून धाडकन पाडू नका. मानेभोवती, पुढच्या पायांमागे छातीभोवती आणि पुढे पोटाभोवती दोराचे वेढे देऊन दोर मागे सरळ ओढला, की बैल आपणहून बसतो आणि मग कलंडतो. पोटावरचा वेढा मुताडाच्या जागी येणार नाही हे बघा. लांब शिंगांच्या बैलाचे डोके एका माणसाने धरून ठेवावे, नाहीतर शिंग जमिनीवर आपटून मुळातून हलते. डोळ्यांवर फडके टाकले तर बैल शांत राहतो. डावी कूस फुगायला लागली, की काम अर्धे राहिले तरी चालेल, आधी बैल उठवा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा गावात खोडा असेल तर बैल उभ्यानेच खोड्यात घेऊन एकेक पाय बांधून काम करता येते. वेळ थोडा जास्त लागतो, पण पाडण्याचा धोका टळतो.

तासताना लोभ नको. मेलेला, वाढलेला भागच काढायचा. तळव्यावर अंगठ्याने जोरात दाबून बघा. तळवा दबला तर तो पातळ झालेला आहे, तिथे हत्यार लावू नका. गुलाबी छटा दिसली की थांबा. टाच खूप खाली घेऊ नका आणि एक नखी उंच, एक बसकी असे करू नका. दोन्ही नख्या सपाट जमिनीवर सारख्या टेकल्या पाहिजेत.

खिळा ठोकताना आवाजाकडे कान द्या. कवचात जाणाऱ्या खिळ्याचा आवाज टणक येतो आणि खिळा कवचाच्या बाहेर निघतो. आवाज मऊ आला, किंवा बैलाने अंग चोरले, तर खिळा आत गेला असे समजून लगेच काढा. बाहेर आलेले टोक कापून, मुरडून, कानशीने सपाट करावे. उघडे टोक दुसऱ्या पायाला ओरबाडते.

शेवटची सूचना फार महत्त्वाची. खिळे मोजून घ्या आणि मोजून परत ठेवा. खाली पडलेला खिळा वैरणीत गेला तर गुरे तो चाऱ्याबरोबर गिळतात. गुरांना चारा न चावता घाईने गिळण्याची सवय असते. पोटात गेलेला खिळा पुढे सरकून हृदयाच्या आवरणात शिरतो आणि जनावर दगावते. पत्री मारण्याची जागा गव्हाणीपासून लांब ठेवावी आणि काम झाल्यावर जमिनीवरून लोहचुंबक फिरवावे. जुन्या स्पीकरमधले चुंबकसुद्धा या कामाला चालते.

मारल्यानंतर रोज काय बघाल

पत्री मारल्यावर बैलाला आधी सपाट जमिनीवर मोकळा चालवा. लगेच भरल्या गाडीला जुंपू नका. दुसऱ्या दिवशी पाय टेकायला कुरकुरला, खूर हाताला गरम लागला, किंवा हातोडीने हलके ठोकल्यावर एका ठिकाणी पाय झटकला, तर तिथला खिळा दाबतो आहे. तो खिळा काढून टाका, भोक जंतुनाशक औषधाने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. गंजक्या खिळ्याच्या जखमेतून धनुर्वात होण्याची भीती असते. ‘चार दिवसांत बसेल’ म्हणून गाडी चालू ठेवली, तर पू वर चढतो आणि पुढे महिनाभर बैल उभा राहतो.

रोज संध्याकाळी गाडी सोडल्यावर चारही पाय उचलून बघण्याची सवय लावा. नख्यांच्या मधला चिखल, खडा, काचेचा तुकडा काढा. खिळे ढिले झाले आहेत का, पत्री सरकली आहे का, ते बघा. एका नखीची पत्री पडली आणि दुसरीची राहिली, तर पाय वाकडा पडतो आणि सांध्यावर ताण येतो. अशा वेळी त्याच दिवशी नवी मारा, ते शक्य नसेल तर दुसरीही काढून बैलाला विसावा द्या. पत्री झिजलेली नसली, तरी महिन्याभरात खूर वाढून ती जागेवरून पुढे गेलेली असते. तेव्हा महिन्याच्या आतबाहेर ती काढून, खूर तासून, पुन्हा बसवावी लागते.

एका नखीला जखम झाली असेल तर पशुवैद्यक एक चांगला उपाय करतात. त्याच पायाच्या चांगल्या नखीखाली लाकडाचा किंवा रबराचा ठोकळा चिकटवतात. भार त्या नखीवर जातो, जखमी नखी अधांतरी राहते आणि लवकर भरते. गोणपाट बांधून जखम झाकायची असेल तर ते रोज सोडून, पाय कोरडा करून बांधा. ओले गोणपाट तसेच ठेवले की खूर सडतो.

लाळ-खुरकूत झालेल्या जनावराला पत्री मारण्याचा विचारही करू नका. या रोगात खुरांच्या बेचक्यात फोड येतात, कधी खूरच निखळतो. टोळीत दहा गावची जनावरे एकत्र येतात, तिथे हा रोग झपाट्याने पसरतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगाची लस दिली जाते. निघण्यापूर्वी पुरेसे दिवस आधी लस टोचून घ्या आणि कानातला बिल्ला असल्याची खात्री करा.

खूर आतून घट्ट व्हायचा तर खुराकही हवा. हंगामात बैल मुख्यतः वाढ्यांवर राहतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते आणि ते चाऱ्यातला चुना बांधून ठेवते. म्हणून वाढ्यांच्या जोडीला थोडी कोरडी वैरण, पेंड आणि खनिज मिश्रण द्यावे. जस्त कमी पडले तर खूर ठिसूळ होतो आणि अशा खुरात खिळा टिकत नाही.

घोडेवाल्यांनी काय घ्यावे

आपल्या भागात मेंढपाळांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाडाची घोडी चालतात. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे खासगी मोटारींना प्रवेश नाही, तिथे घोड्यांवर कुटुंबे चालतात. सारंगखेडा आणि माळेगावच्या यात्रांत घोडी खरेदी करणारेही पुष्कळ. त्यांच्यासाठी दोन शब्द.

घोड्याचा खूर अखंड असतो, म्हणून त्याला बैलाला नसलेली एक सोय आहे. त्याच्या पायात बूट घालता येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत १९५५ पासून ‘टेव्हिस कप’ नावाची लांब पल्ल्याची शर्यत होते. १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, २४ तासांत पार करायचे. वाट दगडाधोंड्यांची. अशा वाटेवर काही स्वार लोखंडी नाल मारतात, तर काही रबरासारख्या मजबूत पदार्थाचे बूट घोड्याला घालतात. बुटाला खिळा लागत नाही, तो काम झाल्यावर काढता येतो, एका पायाची नाल वाटेत पडली तर तिथे तात्पुरता घालता येतो.

पण बुटाची निवडही मापावरच ठरते. खूर तासल्यावर सर्वांत रुंद जागी रुंदी आणि टोकापासून टाचेपर्यंत लांबी मोजतात. ही दोन्ही मापे जुळली पाहिजेत. सैल बूट पायात फिरतो आणि चिखलात निघून जातो. घट्ट बूट टाचेला आणि त्यावरच्या नाजूक कातडीला सोलतो. आत गेलेली वाळू कागदासारखी घासते, म्हणून वाटेत थांबून बूट झटकावा लागतो. नवा बूट थेट लांबच्या वाटेवर कोणी घालत नाही. आधी थोडे अंतर चालवून, काढून, कातडी लाल झाली का ते बघतात. आपल्याकडे असे बूट फारसे दिसत नाहीत. पण कोणी मागवणार असेल, तर आधी मापे घ्यावीत आणि मगच पैसे मोजावेत. नाल मारणाऱ्यांनीही चार ते सहा आठवड्यांत नाल काढून खूर तासावा आणि ती नव्याने बसवावी. घोड्याला धनुर्वाताची बाधा बैलापेक्षा फार लवकर होते, तेव्हा लस चुकवू नये.

या शर्यतीचा एक नियम आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाटेत जागोजागी पशुवैद्यक घोडा तपासतात आणि लंगडणाऱ्याला तिथेच थांबवतात. शेवटी नुसते पोचून भागत नाही. पोचलेला घोडा पुढे चालण्याजोगा आहे, असे ठरले तरच शर्यत पूर्ण झाली असे धरतात. आपला बैल हंगामात असल्या बारा शर्यतींहून जास्त अंतर चालतो. त्याला वाटेत कोण तपासतो?

ग्रामपंचायत आणि कारखाना यांच्यासाठी

सरपंच मंडळी आणि पंचायतीचे अधिकारी यांनी इकडे लक्ष द्यावे. गुरांना पत्री-नाल मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या परवान्यासाठी १९६५ सालीच केंद्र सरकारने नियम केलेले आहेत. नालबंद हा कारागीर आहे, त्याच्या हातात लाखाचे जनावर असते. आठवडी बाजारात बसणाऱ्या नालबंदांची नोंद ठेवावी, पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या मदतीने त्यांना खूर तासणे आणि खिळा मारणे यांचे शिक्षण द्यावे. त्यांचा धंदा बंद पाडण्याचा हेतू यात नसावा, हात सुधारण्याचा असावा. नवी पोरे या कामात येत नाहीत. जाणता नालबंद आज मिळतो तो उद्या मिळेलच असे नाही.

बाजाराच्या आवारात एक खोडा, सावली, पाण्याचा नळ आणि वाळूचा एक चौक एवढी सोय केली तरी पुष्कळ काम होईल. कारखान्यांनी गाडीतळावर मुरूम टाकून चिखल हटवावा, उतारावरचे गुळगुळीत सिमेंट खरबरीत करून घ्यावे आणि पडलेले खिळे-तारा गोळा कराव्यात. त्यात टायरही वाचतील आणि पायही.

गाडीवानांनीही कायदा माहीत करून घ्यावा. ओढकामाच्या जनावरांच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे बैलाकडून दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त आणि विसाव्याशिवाय सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपता येत नाही. आणि १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जखमी किंवा आजारी जनावर कामाला लावणे हा गुन्हा आहे. कायद्याची भीती दाखवण्यासाठी हे सांगितलेले नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तापलेल्या डांबरावर दुपारी गाडी हाकली, तर नुकसान बैलाचे आणि पर्यायाने तुमचेच होते. पहाटेची आणि सायंकाळची खेप धरली, तर तेच काम कमी झिजेत होते.

निघण्यापूर्वी एवढे करा

दोन आठवडे आधी खूर तासून घ्या. पुठ्ठ्यावर माप काढा. चारही पायांच्या पत्र्या मापाने घ्या आणि चार-सहा जास्तीच्या, खिळ्यांसह, गाडीच्या पेटीत ठेवा. पत्री मारून चार दिवस घराजवळ हलके काम द्या आणि मगच लांबची वाट धरा. घरातल्या एका पोराला तरी पाय उचलून तपासायला शिकवा, म्हणजे तुम्ही फडात असलात तरी काम अडणार नाही.

बैल बोलत नाही, तो फक्त पाय टाकायचा बदलतो. तो बदल पहिल्या दिवशी दिसला तर एक खिळा काढून भागते. आठव्या दिवशी दिसला तर हंगाम जातो. चैत्रात गाडी गावाकडे वळेल, तेव्हा बैल तुमच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी, न लंगडता, पुढच्या पेरणीला उभा राहण्याजोगा आला पाहिजे. हंगाम पुरा झाला, तो तेव्हा.